तुमच्या घरात मुरलेले सिनेमातले संवाद : अनुभव लिहा

आई गेल्यावर तिसऱ्या महिन्यात तिचं लोखंडी कपाट आवरायला घेतलं. खालच्या कप्प्यात जमाखर्चाच्या वह्या निघाल्या, दर वर्षाची एक, प्रत्येकीला वर्तमानपत्राचं कव्हर. दूध, वाणी, गॅस, भिशी. एका पानावर शेजारी उसने दिलेले दोनशे रुपये मांडलेले होते आणि पुढे तिच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द : 'वारले'. मी तिथेच फरशीवर बसलो. आधी हसलो, मग रडू आवरेना.

ज्यांना संदर्भ लागला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. 'अशी ही बनवाबनवी', १९८८. घरमालक सरपोतदारांना मधुमेह. इस्राईलच्या कुणा मित्राकडून औषध मागवतो म्हणून धनंजय मानेने त्यांच्याकडून सत्तर रुपये घेतलेले. पुढे तो मित्र वारतो आणि त्याच्यापाठोपाठ सत्तर रुपयेही वारतात. अशोक सराफ आणि सुधीर जोशी, लेखणी वसंत सबनीसांची. आईने हा सिनेमा थिएटरात पाहिला नव्हता. रविवारी दुपारी चार वाजता सह्याद्रीवर लागायचा तेव्हा भांडी तशीच मोरीत ठेवून, पदराला हात पुसत ती येऊन बसायची. तेव्हापासून आमच्या घरात पैसे कधी बुडाले नाहीत, ते वारले. रिक्षावाल्याकडून राहिलेले सुटे वारले. मावसभावाच्या धंद्यात घातलेले बाबांचे पाच हजार वारले, आणि त्या रात्री हा शब्द उच्चारून आईनेच घरातला ताण सैल केला होता.

आता तो प्रसंग लागला की मला अशोक सराफांच्या आधी आईचा आवाज ऐकू येतो. म्हणून तुम्हाला विचारावंसं वाटलं. उत्तम संवादांची यादी नको, ती सगळ्यांना पाठ आहे. तुमच्या घरात एखादं वाक्य कोण म्हणायचं, कुठल्या वेळी म्हणायचं, ते लिहा. मराठी, हिंदी, काहीही चालेल.

* * *

मिरजेचा आहे. माझे काका जन्मापासून अंध. सतारी-तंबोरे बनवणाऱ्या गल्लीत एका दुकानात त्यांनी जन्म काढला. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, लागली की नाही हे ते कानाने जोखायचे, आणि त्यांनी 'हं' म्हटल्याशिवाय वाद्य दुकानाबाहेर जात नसे.

'शोले' त्यांनी पाहिला नाही, ऐकला. १९७५ साली सिनेमा आला आणि पॉलिडोरने त्याच्या संवादांची रेकॉर्ड काढली. आमच्याकडे गणपतीच्या मांडवात, लग्नात, पानपट्टीवर गाण्यांऐवजी गब्बर वाजायचा. काकांना ती रेकॉर्ड अथपासून इतिपर्यंत पाठ होती. कालियाचा श्वास कुठे अडकतो तेसुद्धा.

मी आठवीत होतो. वर्गात मास्तर आले की सगळे गप्प व्हायचे, आणि मागच्या बाकावरून मी म्हणायचो, 'इतना सन्नाटा क्यों है, भाई?' पोरं फिदीफिदी हसायची. एकदा घरी जेवताना ही मर्दुमकी सांगितली. काका जेवता जेवता थांबले. म्हणाले, "ते गमतीचं वाक्य नाही रे. त्या म्हाताऱ्याला दिसत नाही. गाव म्हणजे एरवी आवाज असतो. बैल, रहाट, बायका, पोरं. तो त्या आवाजात चालतो. आज आवाज नाही म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलंय. फक्त काय ते कळत नाहीये. समोर त्याचाच पोरगा आहे."

मग म्हणाले, "तिथे पडद्यावर काय दिसतं ते मला सांगशील?"

त्या आठवड्यात 'शोले' परत लागला होता. मी गेलो आणि येऊन सांगितलं : घोड्यावरून अहमदचं प्रेत येतं. सगळं गाव उभं आहे. कुणी बोलत नाही. रहीमचाचा विचारतो, तरी कुणी बोलत नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याचा हात कुणी धरला का?" मला सांगता येईना. मी ए. के. हनगलांच्या चेहऱ्याकडे बघत बसलो होतो, हाताकडे नाही. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून एवढ्यासाठी परत गेलो. येऊन सांगितलं तेव्हा काकांनी नुसती मान हलवली आणि तारेला हात घातला.

त्या दिवसापासून ते वाक्य मी गमतीने कधी म्हटलं नाही. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, मी उत्तर देत नाही. ज्यांना गंमत वाटते त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण एकदा डोळे मिटून तो प्रसंग ऐकावा एवढं जरूर सांगेन.

* * *

मी वऱ्हाडातला. माह्या आबाजीले इंग्रजीतले दोनच शब्द येत होते, 'डॅम इट'. महेश कोठारेचा 'थरथराट' त्याईनं जत्रंतल्या तंबू टॉकीजात खाली पोतं हातरून पाह्यला होता. पऱ्हाटीवर लाल्या आला, डॅम इट. लाईन गेली, डॅम इट. कर्जाची नोटीस आली तवाबी अंगणात उभे राहून हेच म्हणले, मंग कागद नीट घडी करून टोपीत ठेवला. आबाजी जाऊन नऊ वर्सं झाली. माह्या पोराले मी हे दोन शब्द मुद्दाम शिकवले.

* * *

निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे, सातारा जिल्ह्यातला. माझं वाक्य 'सामना'तलं. 'मारुती कांबळेचं काय झालं?'

जब्बार पटेलांचा हा पहिला सिनेमा, लेखन विजय तेंडुलकरांचं, निर्माते कवी रामदास फुटाणे. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. मी पाहिला तेव्हा डी.एड. करत होतो. निळूभाऊ फुलेंचा हिंदुराव धोंडे पाटील सगळ्या मुलखाचा धनी. साखर कारखाना त्याचा, माणसं त्याची, शब्द त्याचा. डॉ. लागूंचा मास्तर कुणाचाच नाही, दारूने खंगलेला. त्याच्यापाशी फक्त एक प्रश्न आहे, नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचा. तो कधी पुटपुटतो, कधी ओरडतो, कधी अगदी सभ्यपणे विचारतो, आणि त्या एवढ्या मोठ्या माणसाला त्या प्रश्नापुढे बसवत नाही.

आमच्या गावात पाण्याची टाकी मंजूर झाली होती आणि कागदावर पूर्णही झाली होती. जागेवर चार खड्डे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभा वर्षातून चारदा. प्रत्येक सभेला मी विषय संपता संपता हात वर करायचो आणि एकच वाक्य बोलायचो : 'टाकीचं काय झालं?' जास्त काही नाही. भाषण केलं की माणसाला बाजूला सारता येतं, प्रश्नाला सारता येत नाही, हे मी त्या मास्तरकडून शिकलो. दुसऱ्या वर्षी मागून एका पोराने आवाज दिला, 'गुरुजी, मारुती कांबळेचं काय झालं?' सभा हसली. मला आनंद झाला, कारण त्या पोराला मी काय करतोय ते कळलं होतं. पुढे मी आजारी असताना त्यानेच हात वर केला.

सहा वर्षांनी टाकी झाली. नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येतं. मी अजून ग्रामसभेला जातो.

* * *

'झपाटलेला'तलं 'ओम फट् स्वाहा'. लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नसलं की आमच्या सासूबाई दोन्ही हात लावून हे म्हणतात आणि झाकण निघतं. मी म्हटलं तर निघत नाही. एवढंच.

* * *

नेदरलँड्समधून लिहितेय, आइंडहोवन. इथे आलो तेव्हा डिसेंबर होता, साडेचारला अंधार पडायचा. नवरा ऑफिसला, मी आणि सात महिन्यांची लेक घरात. तीन आठवडे मी त्या दोघांखेरीज कुणाशी मराठीत बोलले नव्हते. एका संध्याकाळी बेल वाजली. दारावरच्या फोनमध्ये खरखर, आणि मग एका बाईचा आवाज : "धनंजय माने इथेच राहतात का?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. आठ-दहा सेकंद तशीच उभी होते. खाली ती बिचारी घाबरली, म्हणाली, सॉरी, नावाच्या पाटीवर मराठी आडनाव दिसलं म्हणून... मी बटण दाबलं आणि मोज्यांवरच जिन्यातून खाली धावले. समोरच्या इमारतीतली होती, मूळची सांगलीची. हातात स्टीलचा डबा, वर फडकं बांधलेलं. आत मेथीचे पराठे आणि शेंगदाण्याची चटणी. सांगलीची चटणी, तेल सुटलेली.

'बनवाबनवी'त तो प्रश्न विचारत येणारे लोक म्हणजे खरं तर धनंजय मानेच्या डोक्याला ताप असतात. मला मात्र त्या वाक्याएवढं आपुलकीचं वाक्य त्या देशात दुसरं कुणी बोललं नाही. आता नवीन कुणी मराठी माणूस आल्याचं कळलं की आम्ही दोघी डबा घेऊन जातो. बेल मी वाजवते, वाक्य ती म्हणते.

* * *

नाशिकला स्पीच थेरपिस्ट आहे. पेशंटची ओळख लागेल असं काही लिहीत नाही.

पक्षाघातानंतर काही जणांची वाचा जाते. समजतं सगळं, पण शब्द जुळवता येत नाही. पाणी हवंय, तर 'पाणी' येत नाही. पण अशाच माणसाला एक ते दहा मोजायला लावलं, आरतीची पहिली ओळ सुरू करून दिली, तर तो कधी कधी पुढे जातो. वर्षानुवर्षं जिभेवर घोळलेले शब्द विचार करून जुळवावे लागत नाहीत, ते आपोआप येतात. आम्ही त्या धाग्याला धरून सुरुवात करतो.

एक आजोबा होते. आरती चालेना, आकडे चालेनात, चिडून मान फिरवायचे. चौथ्या दिवशी मी त्यांच्या मुलीला विचारलं, घरी यांच्या तोंडी नेहमी काय असायचं? ती जरा संकोचली. म्हणाली, "सिनेमातलं आहे. 'धूमधडाका'तलं. व्याख्या, विख्खी, वुख्खू." आम्ही मोबाइलवर तो प्रसंग लावला. १९८५चा सिनेमा, अशोक सराफांचा तो पाइप ओढणारा यदुनाथ जवळकर. आजोबा बघत होते. मी 'व्याख्या' म्हटलं आणि थांबले. त्यांचे ओठ हलले, उजवी बाजू नीट वळत नव्हती, तरी 'वि... ख्खी' आलं. मुलगी खुर्चीवरून उठली. मी तिला खुणेनेच बसायला सांगितलं, कारण अशा वेळी घाई केली की माणूस आत मिटतो. थोड्या वेळाने 'वुख्खू' आलं. अर्थ नसलेले तीन शब्द. त्या महिनाभरात त्यांच्या घशातून त्यांच्या मर्जीने निघालेला तो पहिला आवाज.

'पाणी' यायला पुढे पाच आठवडे लागले. रोज सुरुवात मात्र याच तीन शब्दांनी व्हायची. ते जिभेला मागून पुढे खेळवतात, व्यायाम म्हणूनही बरे आहेत. मी आता प्रत्येक नातेवाइकाला पहिल्याच भेटीत विचारते की पेशंटचा आवडता सिनेमा कोणता.

* * *

मी करमाळा तालुक्यातली. २०१६ला अकरावीत होते. 'सैराट' आमच्याच मातीतला, नागराज मंजुळे जेऊरचे. आर्ची बोलती ती भाषा माझ्या आईची भाषा हाय. तोवर सिनेमातली पोरगी आमच्यासारखं बोलताना मी पाह्यलीच नव्हती. कॉलेजात आम्हाला 'ण'चा 'न' करती म्हणून चिडवायचे.

एसटीनं रोज जाणंयेणं. एक बाप्या रोज त्याच थांब्यावरून चढायचा, गर्दीचं निमित्त करून अंगाला टेकायचा. दोनदा 'सरका' म्हणलं, ऐकू न आल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा मी वळले आणि जेवढा आवाज हुता तेवढा काढून म्हणलं, "मराठीत सांगितलेलं कळत नाय का? इंग्लिशमध्ये सांगू?"

ठरवलं नव्हतं, तोंडातून आलं. पण सगळ्या गाडीला ते वाक्य ठावं होतं. म्हाताऱ्या बाया, पोरं, समद्यांनी माना वळवल्या. नुसतं ओरडले असते तर काय झालं म्हणून विचारत बसले असते. ह्या वाक्यानं विचारायची गरजच ठेवली नाही. पुढच्या सीटवरची एक मावशी उठली आणि मला तिची जागा दिली. कंडक्टरनं दोरी ओढली, गाडी रानातच थांबली आणि त्याला उतरवला.

आता मी नर्स आहे, पुण्यात. 'न' अजून तसाच आहे.

* * *

तुम्ही संवाद विचारलेत, पण मला एक न बोललेला सांगू द्या. 'फँड्री'तली डुकराची धरपकड. डुक्कर हाताशी आलेलं असतं आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात, डुक्कर निघून जातं. मी शाळेतच शिकवतो. रोज सकाळी राष्ट्रगीताच्या वेळी शाळेच्या कुंपणापलीकडे काम करणारी माणसं हातातलं घमेलं खाली ठेवून उभी राहतात, हे मला त्या सिनेमाआधी कधी दिसलं नव्हतं. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ आपल्यावर येतो. त्यानंतर काही बोलायला मला अजून जमलेलं नाही.

* * *

मिरजेच्या काकांचं वाचलं आणि रात्री उशिरा लिहायला बसलो. माझ्या वडिलांचा सिनेमा 'आनंद', १९७१चा. 'बाबूमोशाय, जिंदगी बडी होनी चाहिए, लंबी नहीं' हे सगळ्यांना माहीत आहे. दादांना त्याहून आवडायचं ते 'मुरारीलाल'. सिनेमात राजेश खन्ना रस्त्यात भेटेल त्या अनोळखी माणसाच्या पाठीवर थाप मारून 'अरे मुरारीलाल!' म्हणतो. लोक वैतागतात, निघून जातात. एकदा एक माणूस, जॉनी वॉकर, वैतागत नाही. तोही जुनी ओळख असल्यासारखं उत्तर देतो, आणि दोघांची दोस्ती जमते.

दादा आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. पांढरा शर्ट, हातात माइक, दिवसभर 'फलाट क्रमांक दोनवर लागलेली गाडी'. ड्युटी संपली की स्टँडबाहेरच्या चहाच्या गाड्यावर जायचे आणि कुठल्यातरी एकट्या बसलेल्या माणसाला हाक मारायचे, 'काय मुरारीलाल!' मी लहान असताना लाजेने लांब उभा राहायचो. बहुतेक लोक इकडेतिकडे बघायचे. एखादा म्हणायचा, 'मी तो नव्हे.' दादा म्हणायचे, 'नसाल तरी चहा घ्या.' मग त्या माणसाची गाडी चुकलेली असायची, पोरगी दवाखान्यात असायची, नोकरीचा कॉल असायचा. दादा माइकपाशी परत जाऊन पुढच्या गाडीची चौकशी करून यायचे.

मागच्या वर्षी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. शेवटी आवाज बसला होता. 'आनंद'मध्ये तो गेल्यावर टेपवरून त्याचा आवाज येतो, ते आठवून मी मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला बघितलं. त्यांनी हात हलवून नको म्हटलं.

दहावं-बारावं झाल्यावर मुंबईला परत निघालो. गाडीला वेळ होता म्हणून त्या चहाच्या गाड्यावर थांबलो. चहावाला नवीन नव्हता, वीस वर्षं तरी तिथेच असेल. मला ओळखण्याचं कारण नव्हतं. पण चेहऱ्यात काहीतरी दिसलं असावं. ग्लास पुढे करत म्हणाला, "तुम्ही मुरारीलाल साहेबांचे कोण?"

मी म्हटलं, मुलगा.

"बरेच दिवस दिसले नाहीत."

त्याला दादांचं नाव तेच वाटत होतं. इतकी वर्षं. मी नाव दुरुस्त केलं नाही. गेले म्हणून सांगितलं. त्याने गॅस बारीक केला, फडक्याला हात पुसले आणि काही न बोलता बाकड्यावर माझ्या शेजारी येऊन बसला. गाडी लागल्याचं माइकवर कुणीतरी सांगत होतं. मी ती सोडली, पुढच्या गाडीने गेलो.